वादळ किती मोठे होते?



किनाऱ्यावरच्या मंडळींना वादळ म्हणजे काय, ते मी सांगावे असे नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन-मुरुडकडच्या सुपारीच्या, नारळाच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. लावलेली पोफळ फळायला किती वर्षे लागतात, ते तिथल्या बागायतदाराला विचारा. पण आज मला बोलायचे आहे ते जुन्या वादळांविषयी, आपल्या आज्या-पणज्यांच्या आणि त्याच्याही मागच्या काळातल्या. अमुक साली मोठे वादळ झाले, असे आपण वाचतो, मुलांना शिकवतो. ते मोठे म्हणजे किती मोठे? आणि हे ठरवले कोणी, कशावरून?

पहिले उदाहरण घरचेच घेऊ. जगातल्या मोठमोठ्या आपत्तींच्या याद्या छापल्या जातात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. अशा याद्यांत बरीच वर्षे एक नोंद दिसत आली: ६ जून १८८२, मुंबई, चक्रीवादळ, मृत्यू एक लाख. एखाद्या गुरुजींनी ती फळ्यावर लिहिलीही असेल. त्यात त्यांचा दोष नाही. छापलेले होते, त्यांनी लिहिले.

आता आपण थोडा हिशेब करून पाहू. १८८१ सालच्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या भरली ७,७३,१९६. त्यातले एक लाख म्हणजे दर आठ माणसांत जवळजवळ एक. एवढी माणसे एका दिवसात गेली, तर त्या गावात काय हाहाकार होईल, कल्पना करा. आणि १८८२ ची मुंबई म्हणजे काही आडरान नव्हते, बरे का. तिथे इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रे निघत होती. तारायंत्र होते, आगगाडी होती, गोद्या होत्या. इकडे पुण्यात 'केसरी' सुरू होऊन दीड वर्ष झाले होते. कुलाब्याच्या वेधशाळेत कित्येक वर्षे रोजच्या रोज हवेच्या दाबाची नोंद होत होती. देशाचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले होते, आणि ते स्थापन होण्याच्या कारणांतले एक मोठे कारण चक्रीवादळे हेच होते. अशा खात्याच्या डोळ्यांदेखत लाख माणसे घेणारे वादळ आले असते, तर त्यावर भलामोठा अहवाल निघाल्यावाचून राहता ना!

असा अहवाल नाही. अमेरिकेतले शास्त्रज्ञ अॅडम सोबेल आणि त्यांचे सहकारी, त्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले संशोधकही होते, यांनी मुंबईला चक्रीवादळाचा धोका किती याचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी या १८८२ च्या वादळाचाही माग काढला. त्या काळचा पुरावा काही सापडेना. असे वादळ झालेच नाही, असाच निष्कर्ष निघतो. कुठे तरी कोणी तरी चुकीची नोंद केली, दुसऱ्याने ती उतरवून घेतली, तिसऱ्याने दुसऱ्याच्या आधारावर छापली. तीन ठिकाणी छापलेले दिसले की चौथ्याला ते खरेच वाटते. गावात अफवा अशीच पसरते; फरक एवढाच, की ही छापलेली होती.

दुसरे उदाहरण बंगालमधले. तिथे वादळ झाले, यात शंका नाही; शंका आहे ती आकड्यांबद्दल. १७३७ सालच्या शरद ऋतूत हुगळी नदीच्या मुखाकडून वादळ आले आणि त्याने कलकत्ता झोडपून काढले. याच्या तारखेपासून गंमत आहे. काही ठिकाणी ३० सप्टेंबर आढळते, काही ठिकाणी ११ ऑक्टोबर. वादळे दोन नव्हेत, पंचांगे दोन. इंग्रजांनी नवे कॅलेंडर घेतले १७५२ मध्ये. तोवरच्या त्यांच्या तारखा अकरा दिवस मागे असत.

या वादळाची बातमी विलायतेत पोचली आणि तिथल्या मासिकात छापून आले, की तीन लाख माणसे मेली, वीस हजार गलबते-होड्या बुडाल्या, नदीचे पाणी चाळीस फूट चढले, वर भूकंपही झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत शहरातल्या मृतांचा आकडा तीन हजारांच्या आसपास आहे. तीन हजार कुठे, तीन लाख कुठे! त्या वेळचे कलकत्ता लहान गाव होते. सारे गाव मिळून तीन लाख भरणे अवघड. रॉजर बिल्हॅम या भूकंपशास्त्रज्ञाने १९९४ साली या साऱ्या कागदांची छाननी केली. भूकंपाची गोष्ट त्याला पटली नाही. घरे पडली ती वाऱ्याने आणि पाण्याने. पण तीन लाखांचा आकडा मात्र अजून पुस्तकांतून हिंडतोच आहे. मोठा आकडा सहसा मरत नाही. लहान आकडा कोणी आठवणीत ठेवत नाही.

इथे कोणी विचारील, अहो, माणसे तीन हजार मेली काय किंवा तीन लाख, वादळ तर भयंकरच होते ना? होते. पण मृतांची संख्या हे वादळाचे माप नव्हे, हे आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. ओरिसाच्या, म्हणजे आजच्या ओडिशाच्या, किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजी जे महाचक्रीवादळ आले, त्यात दहा हजारांच्या जवळपास माणसे दगावली. त्याच ओडिशात १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ 'फायलिन' आले. तेही अतिशय जबर वादळ होते. पण आधी सूचना मिळाली, दहा लाखांच्या आसपास लोकांना सुरक्षित जागी हलवले, आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. केवळ मृतांचा आकडा पाहून उद्या कोणी म्हणेल की फायलिन किरकोळ होते. तो माणूस फसेल.

उलटही होते. १८७६ साली ३१ ऑक्टोबरच्या रात्री मेघना नदीच्या मुखाशी, आज जो बांगलादेश आहे तिथे, बाकरगंज जिल्ह्यावर समुद्र चालून आला. सुमारे एक लाख माणसे बुडून गेली असे मानतात. आणि मग पटकी आली. विहिरी-तळी खारट झालेली, गुरे मेलेली, अन्न नाही. त्या रोगाने आणि उपासमारीने जवळजवळ तेवढीच माणसे आणखी गेली. आता सांगा, वादळाच्या नावावर किती लिहायचे? एक लाख की दोन? आणि तिथला समुद्र उथळ, बेटे सखल, खाडीचा आकार नरसाळ्यासारखा. तिथे मध्यम वादळानेही पाणी उंच चढते. त्यात वादळ ऐन भरतीला आले तर विचारूच नका. ओहोटीला आले तर तेच वादळ निम्मे वाटेल. तेव्हा पाण्याच्या खुणेवरूनही वाऱ्याचा जोर सांगता येत नाही.

मग वाराच का मोजू नये?

मोजत होते, पण त्याच्या अडचणी ऐका. जुने कप्तान आपल्या रोजनाम्यात वाऱ्याला गुण देत. ब्रिटिश आरमारातल्या ब्यूफोर्ट नावाच्या अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास ती पद्धत घालून दिली: शून्य म्हणजे वारा पडलेला, बारा म्हणजे तुफान. बाराच्या पुढे आकडा नाही. ताशी सुमारे ११८ किलोमीटरच्या वर गेला की सगळा वारा बाराच. म्हणजे १२० चे वादळही बारा आणि २२० चेही बारा. परीक्षेत पस्तीसच्या वर सगळ्यांना नुसते 'पास' लिहिले, तर पहिला कोण आला ते कसे कळणार? तसेच हे.

पुढे वाट्यांचे वायुवेगमापक यंत्र आले. वेधशाळेच्या छपरावर तुम्ही पाहिले असेल: आडव्या दांड्यांना वाट्या लावलेल्या, त्या वाऱ्याने गरगर फिरतात. ते आयर्लंडमधल्या रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये केले. त्यांचा समज असा, की वाटी ज्या वेगाने फिरते त्याच्या तिप्पट वाऱ्याचा वेग. यंत्र लहान असो की मोठे, तिप्पटच. नंतर प्रयोग झाले तेव्हा दिसले, की तसे नाही. वाटीचा आकार, दांडीची लांबी यांप्रमाणे हा गुणक बदलतो आणि बहुतेक वेळा तो तीनपेक्षा कमीच असतो. म्हणजे त्या काळच्या कित्येक नोंदी खऱ्यापेक्षा जास्त वेग सांगतात. शिवाय खरे वादळ आले की यंत्राचा खांबच पडतो. मग नोंद मिळते ती खांब पडेपर्यंतची. त्यानंतर वारा किती वाढला, कोण सांगणार!

त्यातल्या त्यात इमानी साक्षीदार म्हणजे वायुभारमापक. पाऱ्याची नळी. ती घरात भिंतीवर असते, वाऱ्याने मोडत नाही. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब उतरतो; जितका जास्त उतरेल तितका भोवतालचा वारा जोराचा. २२ सप्टेंबर १८८५ रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावर महानदीच्या मुखाजवळ फॉल्स पॉइंट नावाच्या जागी वादळ चढले. तिथे दीपगृह होते. दीपगृहातल्या पाऱ्याची नोंद २७.१३५ इंच इतकी खाली गेली. एरवी तो तीस इंचांच्या आसपास असतो. आजच्या मापात हा दाब सुमारे ९१९ मिलिबार होतो. त्या काळी समुद्रसपाटीला एवढा कमी दाब जगात कुठे नोंदलेला नव्हता. हा आकडा भक्कम आहे. गेली सव्वाशेहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ त्याच्यावर विसंबतात.

पण यातही नशिबाचा भाग पाहा. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, त्या दीपगृहावरून किंवा अगदी जवळून गेला, म्हणून ती नोंद मिळाली. तोच पन्नास मैल अलीकडे-पलीकडे किनाऱ्यावर चढता, तर पाऱ्याने एवढी खोली दाखवली नसती, आणि १८८५ चे वादळ आपल्या पुस्तकात चार ओळींचे झाले असते. अशी किती वादळे दोन वेधशाळांच्या मधल्या मोकळ्या किनाऱ्यावर चढली असतील? किती भर समुद्रात उठून तिथेच विरली असतील? गलबतवाले वादळ टाळतात, त्याच्या पोटात जाऊन दाब मोजत नाहीत. जे गेले, त्यांतले काही सांगायला परत आले नाहीत.

तरी जे परत आले त्यांनी मोठे काम करून ठेवले आहे. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक माणूस होता. जहाजांचे रोजनामे गोळा करायचे, कोणत्या वेळी कुठे वारा कोणत्या दिशेने होता ते नकाशावर मांडायचे आणि त्यावरून वादळाची वाट काढायची, हा त्याचा ध्यास. 'सायक्लोन' हा शब्द त्यानेच १८४८ साली रूढ केला. ग्रीक भाषेतून, सापाच्या वेटोळ्यावरून. पुढे ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्याला पुन्हा मोठे वादळ झाले, तेव्हा गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफोर्ड यांनी याच रीतीने जहाजांच्या नोंदी जमवून त्याचा अहवाल केला. हाच ब्लॅनफोर्ड नंतर हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. खात्याची कचेरी काही काळ सिमल्याला होती आणि १९२८ मध्ये ती पुण्यात आली. पुण्याच्या शिवाजीनगरात 'सिमला ऑफिस' हे नाव कुठून आले असे कधी वाटले असेल, तर ते तिथून.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे जुने झाले. आज उपग्रह आहेत, आता कसली शंका? तर फायलिनचेच पाहा. २०१३ चे वादळ. उपग्रहाची छायाचित्रे घटकेघटकेला येत होती. आपल्या हवामान खात्याने त्याचा कमाल वेग धरला ताशी सुमारे २१५ किलोमीटर. अमेरिकन आरमाराच्या वादळ केंद्राने धरला २६०. वादळ एकच!

यातले एक कारण सोपे आहे. खळ्यावर धान्य उफणताना तुम्ही पाटी उचलून वाऱ्याची वाट पाहत उभे राहता. वारा एकसारखा नसतो. झुळूक येते, जाते. त्याचा वेग सांगायचा तर किती वेळाची सरासरी घ्यायची? अमेरिकन मंडळी एका मिनिटाची घेतात, आपले खाते तीन मिनिटांची, इतर कित्येक देश दहा मिनिटांची. जितका वेळ कमी, तितका आकडा मोठा. पण एवढ्याने ४५ किलोमीटरांचा फरक पुरता भरून निघत नाही. खरे कारण असे, की उपग्रह वारा मोजत नाही, ढग पाहतो. ढगांच्या वेटोळ्याचा आकार पाहून जोराचा अंदाज बांधण्याची रीत व्हर्नन ड्वोराक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात बसवली, आणि आजही मुख्य भिस्त तिच्यावर आहे. रीत चांगली आहे. पण दोन जाणत्या माणसांनी एकच बैल पाहून वजन सांगितले तर दोघांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, तसे हेही. अटलांटिक महासागरात अमेरिका वादळात विमान घालून प्रत्यक्ष मोजमाप करते. आपल्या समुद्रात तशी नित्याची व्यवस्था नाही.

आता हे सगळे आपण कशाला करतो? पंडितांचा वाद म्हणून सोडून का देत नाही? गुरुजी, हे गणित तुमच्या मुलांना घालण्यासारखे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवर त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून वेगात वीस टक्क्यांची चूक झाली तर रेट्याच्या हिशेबात चव्वेचाळीस टक्क्यांची होते. शाळेचे छप्पर किती जाड पत्र्याचे, त्याला आकडे किती, वादळ-निवारा जमिनीपासून किती उंच, किनाऱ्यावरचा बंधारा किती फुटांचा, हे ठरवणारा इंजिनीयर जुन्या नोंदींकडेच पाहतो. शंभर वर्षांत असे वादळ किती वेळा येईल, हे त्याला काढायचे असते. त्यात न झालेले १८८२ चे वादळ घुसले, तर हिशेब फुगतो. आणि झालेले एखादे वादळ निसटले, तर पैसे वाचवल्याचे समाधान होते आणि पुढे छप्पर उडते.

ही दुसरी चूक मला जास्त धास्तीची वाटते. १८८२ चे खोटे ठरले म्हणून कोणी खुशाल म्हणेल, की मुंबई-कोकणाला मोठे वादळ होतच नाही. असे नाही. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईकडे भयंकर वादळ झाल्याचे पोर्तुगीज वृत्तांतात आहे: छपरे उडाली, माड उन्मळले, गलबते गेली, माणसे दोन हजारांच्या घरात मेली. त्या काळी पाऱ्याची नळीच नव्हती, तेव्हा त्याचा जोर आता कोणाला काढता यायचा नाही. पण जोर ठाऊक नाही म्हणून वादळ नव्हते, असे म्हणता येत नाही. १८५४ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदरात मोठी हानी झाली. २२ नोव्हेंबर १९४८ ला मुंबईवर वादळ आलेच. सोबेल आणि पुण्याच्या मंडळींनी गणकयंत्रावर हजारो कृत्रिम वादळे चालवून पाहिली, तेव्हा त्यांना आढळले, की मुंबईवर खरेखुरे प्रचंड वादळ येणे दुर्मिळ आहे, अशक्य नाही. हा अभ्यास छापून झाला आणि पुढच्याच वर्षी 'निसर्ग' आले. ते मुंबईच्या दक्षिणेला चढले म्हणून शहर वाचले. रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागाने ते सोसले.

आता किनाऱ्याजवळच्या शिक्षकांना एक विनंती करतो. वेधशाळा दूर असतात. तुमच्या गावावर वादळ कसे गेले, ते तुमच्याइतके कोणाला कळणार नाही. जीव सांभाळून, घरात बसून, दोन गोष्टी लिहिता येतात. एक, दर अर्ध्या तासाला वारा कोणत्या दिशेने येतो ते. तो घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत गेला, तर तुमचे गाव वादळाच्या वाटेच्या उजव्या हाताला. उलटा फिरला, तर डाव्या हाताला. वारा एकाएकी पडला आणि थोड्या वेळाने उलट्या बाजूने सुटला, तर डोळा तुमच्या डोक्यावरून गेला. ती शांतता फसवी असते. तेवढ्यात कोणाला बाहेर जाऊ देऊ नका. दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्राचे पाणी गावात शिरले, तर ते ओसरल्यावर शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर जिथवर गाळाची रेघ उमटली असेल, तिथे त्याच दिवशी ऑइलपेंटने खूण करा. खडूने करू नका, पहिल्या पावसात जाईल. खुणेशेजारी तारीख, पाणी चढले ती वेळ आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, एवढे लिहा. भिंतीला पुढे चुना दिला, तर तेवढी जागा सोडायला सांगा.